मदत हवी आहे: कागदावर मयत दाखवलेल्या मावशीची पेन्शन कशी सुरू करायची?

माझ्या मावशीची कुटुंब निवृत्तीवेतनाची रक्कम अचानक खात्यात यायची थांबली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिलेला होता, त्याची पोचही आहे. बँकेत विचारलं तर काउंटरवरच्या बाईंनी मावशीकडे न बघताच सांगितलं, "सिस्टीममध्ये मयत दिसतंय." मावशी समोर उभी होती, हातात आधार कार्ड. तिचा चेहरा उतरला तो अजून सावरलेला नाही.

आझमगढच्या लालबिहारींची बातमी पूर्वी वाचली होती. जमिनीसाठी नातेवाइकांनी त्यांना महसुली नोंदीत मृत दाखवलं आणि ती नोंद दुरुस्त व्हायला 1994 उजाडलं. तेव्हा नवल वाटलं होतं, आता धास्ती वाटते. मावशीचं औषधपाणी याच पैशांवर चालतं.

बँक कोषागाराकडे बोट दाखवते, कोषागार बँकेकडे. मयताची नोंद कोणत्या कागदावरून झाली, हे कुणीच सांगत नाही. मृत्यूचा दाखला नसताना ती झालीच कशी?

माहिती अधिकारात (2005 चा कायदा, उत्तराची मुदत 30 दिवस) हेच विचारायचं ठरवलंय. पण अर्ज कुणाकडे करू, बँकेकडे की कोषागाराकडे? हयात असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीचं चालतं की तहसीलदारांसमोरच करावं लागतं? आणि थकबाकी आपोआप मिळते की वेगळा अर्ज लागतो?

कुणी यातून गेलं असेल किंवा कोषागारात काम केलं असेल, तर कृपया नक्की सांगा.