जुलैची तारीख, चाळीतली खोली: बाळासाठी खरंच काय काय लागतं?

पावसाळी_पाहुणा

नमस्कार मैत्रिणींनो. चौतिसावा आठवडा चालू आहे, तारीख १५ जुलैची. पहिलंच बाळ. आम्ही लालबागला चाळीत राहतो, दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी आणि वर पोटमाळा. त्यात मी, नवरा, सासूबाई, एक दिवाण आणि एक कपाट. आता यातच बाळ आणि बाळाचं सामान बसवायचंय.

नवऱ्याने मोबाइलवर शोधून शोधून यादी केलीय. मी मोजल्या, चौसष्ट वस्तू! कला चौसष्ट असतात हे ठाऊक होतं, तान्ह्या बाळाचं सामानही तेवढंच असतं हे नवीन कळलं. बाटल्या निर्जंतुक करायचा स्टेरिलायझर आहे, दूध काढायचा ब्रेस्ट पंप आहे, आंघोळीच्या पाण्याचं तापमान सांगणारं बदक आहे आणि वाइप्स वॉर्मर आहे. म्हणजे ओले वाइप्स गरम ठेवायचा डबा. अहो, मुंबईत! इथे मे महिन्यात नळाचं पाणीसुद्धा कोमट येतं.

सासूबाईंचं बरोबर उलटं. त्या कणकवलीकडच्या. त्यांनी पोटमाळ्यावरची ट्रंक उघडून दोन जुनी सुती लुगडी काढली, किती मऊ झालीत ते माझा हात धरून त्यावरून फिरवून दाखवलं, आणि म्हणाल्या, "हेची दुपटी आणि लंगोट शिवूया. झबली चार, टोपरी दोन. आणखी काय व्हया?"

मला दुपटी आवडली. पण वाळत कुठे घालू? गॅलरीतल्या दोऱ्यांवर सगळ्या बिऱ्हाडांचे कपडे, आणि झड आली की आतल्या भिंतीपर्यंत ओल. गेल्या जुलैत माझा एक कुर्ता चार दिवस वाळत होता, शेवटी कुबट वास यायला लागला म्हणून पुन्हा धुतला. बाळाचे लंगोट म्हणे दिवसाला पंधरा-वीस होतात. मग सरळ डायपरच आणू का?

दुसरं, दुधाचं. मला अंगावरच पाजायचंय, सहा महिने फक्त तेच. डॉक्टरही तेच म्हणाल्या. पण माझ्या वहिनीला पहिले दोन-तीन दिवस दूधच आलं नाही, बाळ रडून रडून लाल, रात्री दोन वाजता भाऊ पावडरच्या डब्यासाठी उघडा केमिस्ट शोधत फिरत होता. तेव्हापासून आईचं फोनवर एकच, "एक डबा बॅगेत असू दे गं, असला तर बिघडतं काय?" ठेवू का? आणि पंप आत्ताच घेऊ का?

शिवाय रजेचं गणित. सव्वीस आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ आधी घेता येतात. आठ आधी घेतले तर नंतर अठराच उरतात, म्हणून मी तारखेच्या दोन आठवडे आधीपर्यंत अंधेरीला जाणार आहे. (करी रोड, मग दादरचा पूल, मग वेस्टर्न. गाडीत बायका उठून जागा देतात हो, पण तो पूल आपल्यालाच चढावा लागतो.) तरी परत रुजू होताना बाळ साडेपाच महिन्यांचं असेल. आमच्या ऑफिसात अठ्ठावीस माणसं, पाळणाघराची सक्ती पन्नासपासून पुढे. म्हणजे तीही आशा नाही.

नवऱ्याची यादी की सासूबाईंची ट्रंक, तुम्हीच सांगा.


घाटकोपरची_दोन_मुलांवाली

आधी त्या बदकाला काट मारा. पाण्यात कोपर बुडवायचं, कोपराला बरं वाटलं की बाळाला बरं.

माझी दोन्ही पावसाळ्यातलीच. दिवसा लंगोट, रात्री डायपर, यात भांडण नाही. पण पावसात डझनभर लंगोटांनी भागत नाही, चोवीस तरी हवेत. लुगडी कमी पडली तर मंगलदास मार्केटात नाहीतर हिंदमाताला मलमल मीटरवर मिळते, आणून दोनदा धुऊन घ्या म्हणजे खळ जाते. खोलीत पंख्याच्या दोन्ही बाजूंनी दोरी बांधा आणि उरलेला दमटपणा इस्त्रीने काढा. अर्धवट वाळलेला लंगोट बांधू नका, पुरळ त्यानेही येतं. डायपरचं सगळ्यात लहान मापाचं एकच छोटं पाकीट आणा, बाळ त्यातून लवकर बाहेर पडतं. मेणकापडं दोन. बाकी बाळंतविड्यात येईलच, लोक झबल्यांशिवाय दुसरं काही आणत नाहीत.

आणि जुनी चाळ आहे ना? वर तुळईकडे बघा, पाळण्याची कडी असणार.


वॉर्डातली_सिस्टर

पालिकेच्या हॉस्पिटलात प्रसूतीच्या वॉर्डला मला आता वीस वर्षं होतील. डबा बॅगेत ठेवू नका. डबा हाताशी असला की रात्री तीन वाजता तो उघडला जातोच. त्या वेळी आई दमलेली, आजी घाबरलेली आणि बाप नुसता उभा. बाळाचं पोट पावडरने भरलं की ते अंगावर ओढत नाही, आणि ओढलं नाही की दूध बनत नाही.

"दूध आलं नाही" म्हणतात ना, ते बहुतेक वेळा आलेलं असतं. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, घट्ट, पिवळसर, अगदी थोडा. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर पुरतो. खरा पान्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतो, सिझर असेल तर कधी थोडा उशिरा. म्हणून पहिल्या तासातच बाळ छातीशी मागून घ्या, आणि पुढे दिवसरात्र मागेल तेव्हा लावा. तोंड मोठं उघडल्यावरच लावायचं, नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भाग बराचसा आत गेला पाहिजे. टोकच चोखलं तर भेगा पडतात. तुमच्या वहिनीच्या खाटेशी त्या रात्री कोणी बसून बाळ नीट लावून दिलं असतं, तर भावाची पायपीट बहुधा वाचली असती.

पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, शू मोजा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत, आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. शू कमी झाली, बाळ सुस्त पडलं, पिवळं दिसायला लागलं, तर शेजारणीला दाखवू नका, थेट डॉक्टरकडे. मध, साखरपाणी, गुटी काही नको. मधाने वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे गंभीर विषबाधा, होऊ शकतो, चाटवण्यापुरतासुद्धा नको. सहा महिने पाणीही नको, उकाडा असला तरी.

पंप आत्ता नको. आधी हाताने दूध काढायला शिका, घरी सोडायच्या आधी सिस्टरकडून शिकूनच निघा. स्टीलची उकळलेली वाटी आणि चमचा पुरतो. ऑफिस सुरू झालं की काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं म्हणतात, पण ते पंचवीस अंशांपर्यंतचं गणित आहे, आपल्याकडच्या हवेत त्यावर विसंबू नका. लगेच फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला, दारात नाही. तिथे चार दिवस राहतं. येताना बर्फाची पिशवी लावून आणा. पाजताना गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करायचं, गॅसवर नाही. आणि तुमचा प्रश्न तसा दोनच आठवड्यांचा आहे हो, सहा महिने झाले की पेज आणि वरणभात सुरू.

अजून एक, कारण हे बऱ्याच मुंबईकरांनाच माहीत नसतं. सायनच्या पालिका रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्यांना जास्त दूध येतं त्या देतात. ते तपासून, साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून गोठवून ठेवतात, आणि दिवसांआधी जन्मलेल्या किंवा आजारी बाळांना मिळतं. पान्हा भरभरून आला तर मोरीत सोडून देण्याआधी आठवण ठेवा.


मुलुंडची_पावडरवाली

सिस्टर, तुमचं सगळं खरं, पण वाचताना पोटात जुना गोळा आला. माझं बाळ पहिले चार दिवस काचेच्या पेटीत होतं. हॉस्पिटल खासगी होतं, नाव लिहीत नाही. मला न विचारता त्याला बाटली लावली. घरी आलो तेव्हा ते अंगावर तोंडच धरेना. पाच आठवडे पंप लावून बसायचे, तासाभराने तळाशी तीस मिली. शेवटी डॉक्टरच म्हणाले, आता द्या पावडर. बारशाला आलेली प्रत्येक बाई आधी बाळाचं नाव नाही, "अंगावर आहे ना गं?" हेच विचारत होती.

तर ज्यांना द्यावी लागेल त्यांच्यासाठी, कारण आमच्याकडे चूक झाली. माझ्या आईला वाटलं दूध घट्ट होतंय, पचणार नाही, म्हणून ती माझ्या नकळत अर्धाच चमचा घालायची. तीन आठवडे वजनाचा काटा हलला नाही. डॉक्टरांनी डबा मागवला, आतला चमचा हातात घेतला आणि आईला समोर बसवून कालवायला लावलं. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, डब्यातलाच चमचा, सपाट. पाणी उकळून, वाफ असतानाच कालवायचं, मग बाळाला चालेल इतकं निववायचं. उरलेलं टाकून द्यायचं, जीव तुटला तरी. स्टेरिलायझर नाही घेतला मी. मोठं पातेलं आणि चिमटा.

मुलगा आता पहिलीत आहे. वर्गात सगळ्यात उंच.


कुर्ल्याची_मावशी

माझी थोरली २००५च्या जुलैची. २६ तारखेला ती नऊ दिवसांची होती. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला हे नंतर पेपरात वाचलं, आम्हाला एवढंच कळलं की संध्याकाळी मिठीचं पाणी उंबऱ्यावरून आत आलं. आम्ही तळमजल्याला. बाळाला दुपट्यात गुंडाळून वरच्या बिऱ्हाडात गेलो, दोन रात्री तिथेच. लाइट नाही, नळाला पाणी नाही. माझी मुलगी पदराखाली पीत होती, तिला पूर आला हे कळलंसुद्धा नाही. त्याच खोलीत आणखी एक बाळ होतं, तीन महिन्यांचं, पावडरवर. सिलिंडर नेमका संपलेला. त्याची आई मेणबत्तीवर स्टीलच्या वाटीत बाटलीतलं पाणी तापवत होती. वाटी काळी, तिची बोटं काळी, आणि पाणी काही उकळत नव्हतं.

पाजायचं कसंही असो, जुलैत पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे डबे आणि भरलेला सिलिंडर घरात ठेव. हे तुझ्या नवऱ्याच्या यादीत आहे का गं?


पावसाळी_पाहुणा

मावशी, नव्हतं. पासष्टावं आणि सहासष्टावं म्हणून घातलं. डबा घेत नाही. आईला सिस्टरांचं सगळं फोनवर वाचून दाखवलं, ती गप्प बसली. म्हणजे पटलं नाही.

आणि घाटकोपरवाल्या ताई, कडी सापडली! रंगाचे इतके थर बसले होते की तुळईची गाठच वाटायची. सासूबाई म्हणाल्या, नवऱ्याचा पाळणा तिलाच होता.


पावसाळी_पाहुणा

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी लिहितेय, एका हाताने. मुलगी झाली, ११ जुलैला, सिझर. दुसऱ्या रात्री ती जी रडायला लागली ती थांबेना, आई पर्स उचलून केमिस्टकडे निघालीच होती. रात्रपाळीची सिस्टर आली, माझ्या पाठीशी दोन उशा लावल्या, बाळाचं पोट माझ्या पोटाला लागेल अशी कूस वळवली आणि खाटेशी वीस मिनिटं उभी राहिली. तरी नीट धरेना, तेव्हा हाताने काढलेला चीक चमच्याने दिला. चौथ्या दिवशी सकाळी उठले तर गाऊन भिजलेला.

घरी कालनिर्णयच्या जुलैच्या पानामागे शूच्या रेघा ओढल्या. पाचव्या दिवशी सात. नवऱ्याने त्याचा फोटो काढून माझ्या आईला पाठवला. २ किलो ८०० वरून २ किलो ६०० वर उतरली होती, बाराव्या दिवशी भरून आलं. भेगा मात्र पडल्याच. दहा दिवस तोंड लावलं की डोळ्यांतून पाणी यायचं. हे बायका आधी सांगत का नाहीत? अळिवाचे लाडू एकवीस खाल्ले, बाविसावा समोर आला तेव्हा मळमळलं.

छताखाली दोऱ्याच दोऱ्या आहेत, आम्ही सगळे वाकून चालतो. सगळ्यात जास्त चालली ती इस्त्री, यादीत नसलेली. दीड महिन्याची लस झाली. गणपतीत खाली रस्त्यावर रात्रभर गर्दी आणि ढोल, म्हणून तेवढे दिवस आईकडे डोंबिवलीला जातेय.

वाइप्स वॉर्मर नवऱ्याने मला न सांगता मागवलाच होता. सासूबाई त्यात मालिशच्या तेलाची वाटी ठेवतात. म्हणतात, ह्यो डबो बरो आसा, गॅस वाचता.