बोंबलातलं आर्सेनिक आणि दोन रिपोर्ट
ससून डॉकच्या एकाच बोंबलाचे दोन लॅबचे आर्सेनिकचे आकडे जुळत नाहीत, म्हणजे एक लॅब खोटारडी, असा आरोप वाचला. थांबा जरा. आकडा ओल्या वजनावर आहे की सुक्या? बोंबलात पाणीच इतकं, की तेवढ्यानेच कित्येक पटींचा फरक पडतो.

दुसरं, मीठ. आयसीपी-एमएसमध्ये (अणू वस्तुमानानुसार ओळखून मोजणाऱ्या यंत्रात) मिठातला क्लोरीन यंत्रातल्या आरगॉनला चिकटला की वस्तुमान ७५, नेमकं आर्सेनिकचंच! अशा जोड्या गाळणारा हेलियम सेल वापरला नसेल तर आकडा फुगतो. उलट हायड्राइड पद्धतीत (आर्सेनिकचा वायू करून मोजतात ती) माशातलं आर्सेनोबीटेन, म्हणजे आर्सेनिकचं सेंद्रिय संयुग, पुरतं फोडलं नाही, तर कमी येतो.

दोघांकडेही ब्लँकचे (नमुना न घालता केलेल्या चाचणीचे) आकडे मागा, आणि डॉर्मसारख्या, आर्सेनिकचं प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या प्रमाणित मत्स्यचूर्णाचा त्याच दिवशीचा निकालही. कां-कूं केली तर मग खुशाल संशय घ्या.