धागा : फॅक्टरीच्या भोंग्यावर वाढलेल्यांनो, या इकडे

तापीकाठची :
माळा साफ करताना बाबांचा जेवणाचा डबा सापडला. तीन खणी, झाकणावर खिळ्याने कोरलेला टोकन नंबर. जेवणाच्या सुट्टीत शे-दोनशे डबे एकसारखे, मग ओळखायचा कसा? म्हणून कोरलेला. आत अजून लोणच्याचा वास येतो, शपथ!

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची आमची ऑर्डनन्स फॅक्टरी १९६४ची. चीनच्या लढाईनंतर दारूगोळ्याचे कारखाने वाढवले, त्यातली. बाबा यावलकडचे, कापूस-केळी सोडून आले. आधी शेतं होती तिथे फूटपट्टीने आखल्यासारखे रस्ते आणि एका साच्यातून काढलेले क्वार्टर. हुद्द्याप्रमाणे टाइप वन, टाइप टू, टाइप थ्री. कोणाच्या अंगणात खेळायचं तेसुद्धा टाइपवर ठरायचं, हे मला मोठेपणी कळलं. शेजारी एकीकडे बंगाली, दुसरीकडे मल्याळी. आई दोघींनाही आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) पुरणपोळी द्यायची आणि लेवा बोलीतच बोलायची. त्यांनाही सगळं समजायचं.

तुमच्या कॉलनीचं सांगा.

केळीवेफर :
'बाबा, तुम्ही काय बनवता?' विचारलं की उत्तर एकच, 'पितळेच्या वाट्या.' मला वाटायचं भांड्यांचा कारखाना आहे!! ते निवृत्त झाल्यावर कळलं की खोटं नव्हतं. काडतूस पितळेच्या वाटीपासूनच होतं. ती दाबून दाबून लांब करायची, मधेमधे भट्टीत तापवून मऊ करायची, नाहीतर चिरते. हाताचा पितळी वास साबणानेही जात नसे.

जंक्शनकर :
काय भो, वरणगाव वरणगाव लावलंय. आमची भुसावळची फॅक्टरी १९४९ची, आम्ही थोरले. ड्रम, बॅरल आणि पुढे पिनाका रॉकेट ज्यातून सुटतात ते पॉड. पण गावात रेल्वेवाल्यांचाच रुबाब. त्यांना पास, आम्हाला भोंगा.

तापीकाठची :
थोरले असाल, पण १ ऑक्टोबर २०२१ला सगळ्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सरकारी कंपन्यांत वाटण्या झाल्या ना? आम्ही म्युनिशन्स इंडियात, तुम्ही यंत्र इंडियात. आता चुलत.

जंक्शनकर :
😂 बांध कोरू नका म्हणजे झालं

दीपनगरवाली :
मी फॅक्टरीची नाही, चालेल का? आमची कॉलनी वीजकेंद्राची. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, रात्री गच्चीवर गाद्या टाकायचो आणि चिमणीचे लाल दिवे मोजत झोपायचो. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा महिनाभर झोप येईना, काहीतरी घरघरत नाही म्हणून. बाकी ५०० मेगावॉटचे दोन संच आले तेव्हा मी नव्हते तिथे, भाऊ सांगेल. पोळ्या राहिल्यात, पळते.

हतनूर४१ :
१७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा, त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. मी बाबांचं मशीन पाहिलं, हार घातलेलं. ते मशीनशी जितक्या हळू बोलत होते तितक्या हळू आमच्याशी कधी बोलले नाहीत.

क्वार्टर सोडला तेव्हा मागचा शेवगा ऐन शेंगांवर होता. आई म्हणाली, 'सरकारी जागेतलं झाड सरकारचं.' मग रिक्षात बसली आणि रडली. बाकी काही नाही.

केळीवेफर :
@हतनूर४१ 🙏 आमचा कढीपत्ता. अजून आहे म्हणतात.

नवी सून :
मी अमरावतीची, सासर वरणगाव. धाग्याशी संबंध नाही, पण इथे जाणकार दिसतायत. कळण्याच्या भाकरीला ज्वारीत उडीद किती घालायचे? सासूबाई 'अंदाजे' म्हणतात.

जंक्शनकर :
चाराला एक. सालासकट दळा आणि मीठ पिठातच. सोबत भरीत, कांद्याची पात, शेंगदाणे. वांगी काट्यांवर भाजलेली असतील तर पत्ता पाठवा.

तापीकाठची :
आमच्याकडे पाचाला एक. बाबांना उडीद बाधायचे.

हतनूर४१ :
ते जाऊ द्या. डब्यावरचा टोकन नंबर काय होता? माझ्या बाबांच्या जवळपासचा असेल.

तापीकाठची :
नाही सांगत. एटीएमचा पिन तोच आहे.