मदत हवी आहे: बाटलीतला ड्रॉपर बुडतो, पण वर येत नाही

नमस्कार मंडळी,

लेक आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने बाटलीतली पाणबुडी करायला घेतली आहे. कोल्ड्रिंकची २ लिटरची बाटली गळ्यापर्यंत पाण्याने भरायची आणि आत औषधाचा काचेचा ड्रॉपर सोडायचा. बाटली दाबली की ड्रॉपर खाली, सोडली की वर.

परवा रात्री झकास जमलं होतं. थंडीत गार पाण्यात हात घालवेना म्हणून गिझरचं कोमट पाणी घेतलं. ड्रॉपरचं रबर दाबत थेंबथेंब पाणी आत घेऊन तिने तो असा बसवला, की रबराचं टोक ज्वारीच्या दाण्याएवढंच वर राहिलं. बाटलीला नुसती बोटं टेकवली तरी खाली! आजीला झोपेतून उठवून दाखवलं. मग झाकण न लावताच आम्ही झोपलो. सकाळी बघतो तर ड्रॉपर तळाशी. कुणी हातही लावला नव्हता.

गार पाण्यात पुन्हा बसवला, तर आता वेगळंच. अर्ध्यापर्यंत नेऊन हात काढला तर वर येतो. तळाला गेला की मात्र तिथेच बसतो. शिवाय तिला तो मधोमध थांबवून दाखवायचा आहे. क्षणभर थांबतो, की निघालाच वर नाहीतर खाली. "आई, माझाच हात स्थिर नाही," म्हणून काल रडली. सोमवारी प्रदर्शन आहे. परीक्षकांनी विचारलं तर तिला स्वतःला सांगता येईल असं कारण हवं आहे.

प्रतिसाद: रबराला बारीक भोक असेल. हवा गळत असणार.

मूळ प्रश्न विचारणारी: पाण्याखाली दाबून पाहिलं. रबरातून एकही बुडबुडा आला नाही.

प्रतिसाद: ताई, ड्रॉपर चांगला आहे आणि लेकीचा हातही. तिन्ही गोष्टींचं मूळ ड्रॉपरमधल्या हवेत आहे.

बाटली दाबली की तो दाब पाण्यातून सगळीकडे सारखा पोचतो. हवा आक्रसते, तेवढं पाणी नळीत चढतं, ड्रॉपर जड होतो. हे तिला दिसेल: नळीवर मार्करने रेघ मारा आणि दाबताना पाण्याची पातळी बघा. परीक्षकांना आधी तेच दाखवायला सांगा.

आता रात्रीची गोष्ट. पाणी गार झालं तशी आतली हवाही गार होऊन आक्रसली. १० अंशांनी तापमान उतरलं तर हवेचं आकारमान सुमारे ३ टक्क्यांनी घटतं. गिझरचं पाणी रात्रभरात त्याहून जास्त निवलं असणार. ज्वारीच्या दाण्याएवढी सवलत त्यात केव्हाच संपली.

तळाशी अडकण्याचं कारण खोली. साधारण १० मीटर पाण्याखाली वातावरणाइतका जादा दाब असतो. तुमच्या बाटलीत पाणी ३० सेंटिमीटर धरलं तर तळाशी ३ टक्के जादा. म्हणजे तुम्ही हात काढलात तरी वरच्या पाण्याचा दाब आहेच. ड्रॉपर इतका काठावर बसवला आहे, की तळाशी तेवढंही त्याला पुरतं. उपाय सोपा: नळीतलं पाणी एकदोन थेंब कमी करा, टोक हरभऱ्याएवढं वर दिसू द्या. दाबायला जोर लागेल, पण हमखास वर येईल. आणि पाणी आदल्या दिवशी भरून खोलीतच ठेवा.

मधोमध तो आपणहून थांबणारच नाही. किंचित खाली सरकला की दाब वाढतो, हवा आक्रसते, आणखी जड होतो. किंचित वर आला की उलट. सतत बोटं कमीजास्त दाबत राहिलं तरच जागेवर राहील. त्यामुळे तिला म्हणावं, क्षणभर थांबवलास हेच मोठं कसब आहे.

मूळ प्रश्न विचारणारी: खूप खूप आभार! हरभऱ्याएवढं टोक ठेवलं आणि सलग वीस वेळा वर आला. मार्करची रेघ तर फारच कामाची निघाली. नळीत पाणी चढताना तिने स्वतः पाहिलं आणि "अगं, हा पाणी पितोय!" म्हणून ओरडली. आता तिचा प्रश्न: खरी पाणबुडीही अशीच दाबून खाली जाते का?

प्रतिसाद: नाही. पाणबुडी आपल्या टाक्यांत समुद्राचं पाणी घेते आणि वर येताना दाबून भरून ठेवलेल्या हवेने ते बाहेर ढकलते. वजन बदलण्याचं तत्त्व तेच. तक्त्यावर चित्र लावायचं तर 'कलवरी'चं लावा. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ही पाणबुडी २०१७ मध्ये नौदलात आली. आणि एक ओळ इतिहासाची: हे खेळणं फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या नावाने ओळखलं जातं, पण १६४८ मध्ये त्याचं वर्णन छापलं ते इटलीच्या राफाएल्लो माज्योत्तीने.

मूळ प्रश्न विचारणारी: दोन्ही लिहून घेतलं तिने. पाणी आजच भरून ठेवलंय, यावेळी नळाचं.