शब्दचर्चा: ‘नॉव्हेल्टी साँग’ला मराठीत काय म्हणावं?

ब्रिटनमधल्या पॉप संगीतावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. ‘नॉव्हेल्टी साँग’ (काहीतरी गमतीदार, विचित्र युक्तीमुळे गाजणारं गाणं) हा शब्द सारखा येतो आणि मी दर वेळी अडते. उदाहरण क्रेझी फ्रॉग या ॲनिमेटेड बेडकाच्या गाण्याचं आहे. २००५च्या मे महिन्यात ते गाणं तिथल्या सिंगल्सच्या (सुट्या गाण्यांच्या) लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं, चार आठवडे हललं नाही आणि कोल्डप्ले या बँडचं नवं गाणं त्याच्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. ‘नावीन्यगीत’ लिहून पाहिलं, पण ते सरकारी परिपत्रकातलं वाटतं.

•

‘विडंबनगीत’ आहे की.

•

विडंबनगीत सगळीकडे बसणार नाही. विडंबनाला मूळ गाणं ऐकणाऱ्याच्या कानात असावं लागतं. लॅडबेबी या ब्रिटिश यूट्यूबरने २०१८ ते २०२२ असे सलग पाच नाताळ ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक पटकावला, तो गाजलेल्या गाण्यांचे शब्द बदलून, बहुतेकदा त्यांत सॉसेज रोल घुसवून. ते खुशाल विडंबन म्हणा. पण क्रेझी फ्रॉगची धून १९८४च्या ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’मधली असली, तरी लोक खिळले ते त्या बेडकाच्या आवाजाला. तो आवाज म्हणजे एका स्वीडिश मुलाने १९९७ साली तोंडाने काढलेली टू-स्ट्रोक मोपेडची नक्कल!

त्याच्याही आधीचं उदाहरण चिपमंक्स या काल्पनिक गाणाऱ्या खारींचं. डिसेंबर १९५८मध्ये त्यांचं नाताळचं गाणं अमेरिकेत बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या यादीत पहिलं आलं. त्यांचा निर्माता रॉस बॅग्डासेरियन टेपची गती निम्मी ठेवून संथ गायचा. मग टेप नेहमीच्या गतीने वाजवली, की आवाज सप्तकभर वर चढायचा आणि खारी गातायत असं वाटायचं. इथे कुणाची नक्कल नाही की टिंगल नाही. कानाला वाटलेलं अप्रूप आहे. ‘नॉव्हेल्टी’चा या ठिकाणचा अर्थ नवेपणा नसून अप्रूप हाच आहे, म्हणून ‘नावीन्य’ खटकतं.

मी ‘नवलगीत’ सुचवेन. नवल वाटतं, चार दिवस सगळ्यांच्या तोंडी बसतं, आणि ‘नव्याचे नऊ दिवस’ही त्यात आपसूक ऐकू येतात.

•

गुजरातीत नवलकथा म्हणजे कादंबरी. घोटाळा नाही ना होणार?

•

मराठी वाचकाचा नाही होणार. ‘यात नवल ते काय’ आपण रोज म्हणतो.

•

आमच्याकडे सरळ ‘खुळं गाणं’ म्हणतात.

•

बोलताना गोड आहे, पण लेखात नको. ‘खुळं’ म्हटलं की निकाल देऊन झाला. टेपशी तासन् तास झटापट करून जमवलेली करामत खुळी कशी? ‘बडबडगीत’ही नको, ते लहान मुलांचं.

•

पटलं, ‘नवलगीत’ घेते. ‘चार्ट टॉप केला’चंही ‘यादीत पहिलं आलं’ करते. वाक्य असं झालंय: ‘त्या उन्हाळ्यात एका बेडकाचं नवलगीत यादीत पहिलं आलं आणि महिनाभर जागचं हललं नाही.’