आसाम करार आणि घुसखोरीचा प्रश्न : मूळ कागदपत्रे व मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

नोकरीच्या निमित्ताने मी तीन वर्षे आसामातील धुबरी जिल्ह्यात राहिलो. पुढच्या महिन्यात आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात आसाममधील घुसखोरी आणि राज्यकर्त्यांची उदासीनता या विषयावर बोलण्याचे मी कबूल केले आहे. तयारी करताना काही ठिकाणी अडलो असल्यामुळे जाणकारांची मदत हवी आहे.

माझी पहिली अडचण १९८३ च्या बेकायदा स्थलांतरित (न्यायाधिकरणांद्वारे निश्चिती) कायद्याविषयी आहे. देशात इतरत्र तेव्हा लागू असलेल्या १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यानुसार आपण परके नाही हे संबंधित व्यक्तीनेच सिद्ध करायचे असे; आसामपुरता मात्र हा भार तक्रार करणाऱ्यावर टाकण्यात आला. परिणाम असा झाला की एप्रिल २००० पर्यंत ३,१०,७५९ प्रकरणांत चौकशी सुरू होऊनही परकीय ठरले १०,०१५ जण आणि प्रत्यक्षात देशाबाहेर गेले अवघे १,४८१. हे आकडे सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द ठरवणाऱ्या जुलै २००५ च्या निकालातच नोंदवले आहेत. कायदा संसदेत आला तेव्हा आसामच्या लोकसभेतील १४ पैकी १२ जागा रिकाम्या होत्या, कारण बांगलादेशातून आलेल्या घुसखोरांविरुद्धच्या आंदोलनामुळे १९८० ची निवडणूक तेथे होऊच शकली नव्हती. ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांचेच प्रतिनिधी सभागृहात नसताना त्यावर काय चर्चा झाली, हे मला मुळातून वाचायचे आहे.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. १५ ऑगस्ट १९८५ रोजी केंद्र सरकार आणि आंदोलक यांच्यात आसाम करार झाला आणि आंदोलनातील विद्यार्थी नेतेच त्याच वर्षी सत्तेवर आले. १९९६ ते २००१ या काळात ते पुन्हा सत्तेत होते. २४ मार्च १९७१ नंतर आलेल्यांना शोधून परत पाठवण्याचे वचन त्यांच्याही हातून पुरे झाले नाही. वरील कायदा केंद्राचा असल्याने राज्याला तो रद्द करता येत नव्हता, हे मी समजू शकतो. परंतु राज्याने तो बदलून घेण्यासाठी केंद्राकडे किती नेटाने पाठपुरावा केला, याचा पत्रव्यवहार कोठे पाहायला मिळेल? कराराच्या सहाव्या कलमात आसामी लोकांच्या भाषा-संस्कृतीला घटनात्मक संरक्षण देण्याचे म्हटले होते. त्यासंबंधीच्या समितीचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये राज्य सरकारकडे गेला. तेथून पुढे नेमके काय झाले, हेही जाणून घ्यायचे आहे.

माझे मत असे बनले आहे की या प्रश्नाचे घोंगडे भिजत ठेवणे सर्वच पक्षांना सोयीचे ठरले. ईशान्येच्या आठ राज्यांचे मिळून २५ खासदार आणि एकट्या महाराष्ट्राचे ४८, त्यामुळे तिकडची ओरड दिल्लीपर्यंत पोहोचणेच कठीण. माझे मत चुकीचे असेल तर पुराव्यासह अवश्य दुरुस्त करावे.

या दिरंगाईचा जाच फक्त आसामी माणसालाच झाला असे नाही. ब्रह्मपुत्रेतील बेटांना तेथे 'चर' म्हणतात. पुरात चर वाहून गेला की घरासोबत जमिनीचे कागदही जातात, आणि पोट भरायला गुवाहाटीला गेलेल्या त्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या इथलाच असूनही बांगलादेशी म्हणून हिणवले जाते. ३१ ऑगस्ट २०१९ च्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतून (एनआरसी, म्हणजे आसामातील नागरिकांची यादी) १९,०६,६५७ अर्जदार वगळले गेले. त्यांना परकीय नागरिक न्यायाधिकरणापुढे अपील करायचे तर नाव का वगळले याचा लेखी आदेश आधी हाती पडायला हवा. यादी जाहीर झाल्यावर वर्षानुवर्षे तो दिलाच गेला नाही. ही बाजू मांडल्याशिवाय व्याख्यान पुरे होणार नाही, म्हणून न्यायाधिकरणांपुढे प्रत्यक्ष काम केलेले कोणी वकील वाचत असतील तर त्यांनी तेथील कामकाजाची पद्धत कृपया समजावून सांगावी.

वेळ थोडा उरला आहे. १९८३ च्या लोकसभेतील चर्चेचा छापील वृत्तान्त पुण्यात किंवा मुंबईत कोणत्या ग्रंथालयात बसून वाचता येईल, एवढे आधी कळले तरी माझे काम सुरू होईल.