मदत हवी आहे: दिवसभर मराठी प्रूफं वाचायला १२ हजारांपर्यंत कुठला मॉनिटर घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीत घरूनच मुद्रितशोधनाचं काम करते, पुस्तकं आणि दिवाळी अंक दोन्ही. पूर्वी प्रूफं कागदावर यायची, आता बहुतेक सगळे पीडीएफच पाठवतात, त्यामुळे रोज सात-आठ तास १४ इंची लॅपटॉपमध्ये डोळे घालून बसायचं आणि संध्याकाळी मान धरलेली. आता वेगळा मॉनिटर घ्यायचं नक्की केलंय. बजेट १२ हजार, फारच चांगला मिळाला तर १४. त्याच्यावर खरंच जमणार नाही, दिवाळी अंकांचे पैसे हातात पडायला जानेवारी उजाडतो.

आधी काय झालं ते सांगते, म्हणजे मला नक्की काय हवंय ते कळेल. मागच्या वर्षी एका ओळखीच्यांकडून २२ इंची जुना मॉनिटर आणला होता, व्हीजीए केबलवाला. अक्षरं मोठी दिसली म्हणून खूश होते. पण त्याच्यावर वाचलेल्या एका पुस्तकात 'गेल्या दहा वर्षांत'चं 'गेल्या दहा वर्षात' असं सहा ठिकाणी छापून गेलं. छापील प्रत हातात आली तेव्हा दिसलं. 'र्षां'वरचा रफार आणि त्याला चिकटून बसलेला अनुस्वार, त्या स्क्रीनवर दोन्ही मिळून एकच डाग दिसायचा, टिंब आहे की नाही हे कळायचंच नाही आणि मी आहे असं धरून पुढे जात राहिले. 'मार्गांनी', 'कार्यकर्त्यांना', सगळीकडे तेच. लेखक काही बोलले नाहीत, पण ते पुस्तक मला अजून उघडवत नाही.

म्हणून माझी पहिली अट एकच, रफार आणि अनुस्वार वेगवेगळे दिसले पाहिजेत. गेम खेळायचे नाहीत, फोटो एडिट करायचे नाहीत, स्पीकर असला-नसला सारखंच.

माझा भाचा म्हणतो मावशी सरळ २७ इंची घे, मोठा असतो. पण मी वहीत गणित मांडून बघितलं तर २४ इंचीवर फुल एचडी (१९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे ठिपके) म्हणजे इंचाला साधारण ९२ पिक्सेल पडतात आणि २७ इंचीवर तेच पिक्सेल ताणले जाऊन ८२ च्या आसपास येतात. म्हणजे अक्षर मोठं झालं तरी त्यातले ठिपके तेवढेच, मग अनुस्वार काही जास्त स्पष्ट होणार नाही ना? २७ इंचीत क्यूएचडी (२५६० बाय १४४०) घेतला तर १०९ पिक्सेल मिळतात, पण मी बघितले ते सगळे १५ हजारांच्या पुढेच होते. आणि त्याहूनही जास्त पिक्सेलचा फोर-के तर सोडूनच द्या, माझ्या लॅपटॉपचं एचडीएमआय जुनं १.४ आहे, त्याच्यावर फोर-के फक्त ३० हर्ट्झला (सेकंदाला ३० वेळा चित्र बदलत) चालतं, माऊस हलवला की मागून फरपटत येतो. टाइप-सी पोर्ट आहे पण त्यातून डिस्प्ले बाहेर येत नाही, तेही करून बघितलं.

दुसरी गोष्ट, मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात, त्यामुळे मॉनिटर उंचावर असला की हनुवटी वर करून वाचावं लागतं आणि परत मानच दुखते. बाकी लोक मॉनिटरखाली पुस्तकं रचतात, मला उलटा खाली घ्यायचाय. स्वस्तातल्या मॉनिटरचा स्टँड फक्त पुढे-मागे कलतो, वर-खाली होत नाही.

तिसरी, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २४ इंची पडदा ५३ सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच असतो. ए-फोरचं पान २१ बाय २९.७. आडव्या पडद्यात पूर्ण पान बसवायला गेलं की वरचे टूलबार आणि खालचा टास्कबार जागा खातात, अक्षर बारीक होतं. पण तोच मॉनिटर उभा केला तर ते पान जवळजवळ ए-थ्रीएवढं मोठं दिसेल आणि तरी पूर्ण बसेल! पूर्वी लांबलचक गॅली प्रूफं यायची तशी. असं उभ्या मॉनिटरवर कुणी देवनागरी वाचतं का? कारण विंडोजचं क्लिअरटाइप (अक्षरं गुळगुळीत दाखवायची सोय) आडव्या दिशेने पिक्सेलचे तुकडे वापरतं असं वाचलं, मग मॉनिटर फिरवल्यावर अक्षरं बिघडतात का?

पडद्याच्या पॅनेलचा प्रकार आयपीएस घ्यावा की व्हीए हेही सांगा. माझं वाचन असं की उभा करायचा तर आयपीएसच हवा, नाहीतर कडेने रंग बदलतो, आणि टीएन हा तिसरा प्रकार तर नकोच.

---

दोन दिवसांनी भर घालते. सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

तुम्ही सांगितलंत तसं केलं, पेन ड्राइव्हवर माझंच एक प्रूफ घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. तीन दुकानांत फिरले, एका दुकानदाराने खरंच लावून दाखवलं, बाकीच्यांनी खोक्यावरचंच वाचून दाखवलं. २७ इंची फुल एचडीवर तेच पान बघितल्यावर शंका उरली नाही, 'वर्षांत'चं टिंब रफाराला टेकलेलं. २४ इंची आयपीएसवर १०० टक्क्यांना काठावर, १४० केलं की स्वच्छ सुटं. मोबाईलचा कॅमेरा लावून पडद्याची लुकलुक बघायची युक्ती पण वापरली, ब्राइटनेस कमी केल्यावर एकावर काळे पट्टे सरकताना दिसले, तो लगेच बाद केला.

उभा करूनही बघितला. अक्षरांना कडेने किंचित रंगाची झालर दिसत होती. मग तुमच्यापैकी एकांनी सांगितलेली अॅक्रोबॅट रीडरची सेटिंग आठवली, प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्ले, तिथे स्मूथ टेक्स्टला 'लॅपटॉप/एलसीडी'च्या जागी 'मॉनिटर' निवडायचं. झालर गेली. अक्षर जरा मऊ झालं पण अनुस्वार सुटाच राहिला आणि मी तिथे उभ्याउभ्या अख्खं पान वाचून काढलं, दुकानदार बिचारा काही बोलला नाही.

जीएसटीबद्दल विचारत होतात, तर २२ सप्टेंबर २०२५ ला कमी झाला तो ३२ इंचांच्या वरच्यांवर, २८ चा १८ झाला. त्याच्या आतल्यांवर आधीपासूनच १८ आहे, त्यामुळे आमच्या ह्यांचं 'आता स्वस्त झाले असतील' हे इथे लागू नाही.

आता दोनच पर्याय उरलेत. एक, वर-खाली होणारा आणि फिरणारा स्टँड असलेला २४ इंची, १३ हजारांच्या आसपास सांगितला. दुसरा, साधा २४ इंची आयपीएस साडेआठला आणि त्याला अडीच हजारांचा आर्म (मॉनिटर धरणारा, टेबलाला क्लॅम्पने बसवायचा हात), म्हणजे ११. मॉनिटरच्या मागे आर्म बसवायची १०० बाय १०० मिलिमीटरची भोकं आहेत, मोजून आले. दोन हजार वाचतात आणि टेबलावरची जागाही मोकळी होते.

पण माझं टेबल पाऊण इंच प्लायचं, फक्त दोन फूट खोल आणि पाठ भिंतीला टेकलेली. आर्म मागे मुडपायला जागा लागते म्हणतात, मग मॉनिटर नाकाशी येईल का? आणि वर्ष-दोन वर्षांत क्लॅम्पने प्लाय दबतं का, खाली लोखंडी पट्टी घातली तर चालेल का? कुणाचं असं भिंतीला लावलेलं टेबल असेल तर भिंतीपासून किती जागा सोडावी लागली तेवढं मोजून सांगाल का प्लीज. शनिवारी परत जाणार आहे, त्यातून खोकं घेऊन लोकलने यायचंय म्हणून दुपारी रिकाम्या वेळेतच जाईन, सकाळी अकरापर्यंत उत्तर आलं तरी चालेल.